खणीच्या वाटेवरची पावलं

सरकारी कचेरीत एखादी गोष्ट मागायला गेलं तर वर्षं जातात. पुसून टाकायची असेल तर मात्र एक दुपार पुरते. सप्टेंबर २०४४ च्या शेवटच्या आठवड्यात कोल्हापूरच्या भूस्खलन केंद्रात वृषाली सातपुतेच्या पडद्यावर आदेश येऊन पडला: सन २०३० मधल्या सर्व पाऊलनोंदी तीस तारखेच्या आत तपासून कायमच्या नष्ट कराव्यात. खाली नष्ट करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव होतं. तिचंच.

वृषालीला हसू आलं, आणि ते काही आनंदाचं नव्हतं. याच नोंदी बघायला मिळाव्यात म्हणून तिनं अकरा अर्ज केले होते. प्रत्येक अर्जाला तेच उत्तर: प्रकरण बुडून मृत्यू म्हणून निकाली निघाले आहे, सबब नोंदी दाखवता येत नाहीत. पालथ्या घड्यावर पाणी. आणि आता म्हणे तपासून नष्ट करा. 'तपासून' या एका शब्दाबद्दल तिनं सरकारी भाषेचे आयुष्यात पहिल्यांदा आभार मानले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

प्रकरण तिच्या वडिलांचं, आबांचं होतं. रंगराव सातपुते, आडेगावात वहाणा करणारे, २०३० च्या बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या दिवशी घरातून गेले ते गेलेच. गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीत पाणी साठून खण झाली होती. तिच्या काठावर त्यांच्या वहाणा जोडीनं ठेवलेल्या सापडल्या. पाणबुड्यांनी तीन दिवस खण ढवळली. प्रेत मिळालं नाही. खण खोल आहे, तळाशी कपारी आहेत, असं पोलिसांनी लिहिलं आणि कागद मिटला.

वृषाली तेव्हा एकवीस वर्षांची होती, कोल्हापूरला हॉस्टेलवर राहून भौतिकशास्त्र शिकत होती. इचलकरंजीच्या एका चांगल्या मुलाशी तिचं लग्न ठरलेलं. मुलाकडची माणसं समंजस होती. म्हणाली, बाप बुडाला यात पोरीचा काय दोष. वृषालीच अडून बसली. प्रेत बघितल्याशिवाय बाप मेला असं ती मानणार नव्हती आणि बापाचं काय झालं ते कळल्याशिवाय बोहल्यावर उभी राहणार नव्हती. ते स्थळ गेलं, मग दुसरं गेलं, मग यायची थांबली. तिनं मात्र जिथे जमिनीचे आवाज ऐकायचं शिकवतात ते शास्त्र शोधून काढलं आणि त्यातच नोकरी धरली.

ते शास्त्र तसं सोपं आहे. गावोगावी इंटरनेटसाठी जमिनीखाली काचेची तार पुरलेली असते, केसाएवढी बारीक. तिच्यातून उजेडाचा झोत सोडला की बहुतेक उजेड पुढे निघून जातो. पण अगदी निर्दोष काच जगात नाही, त्यामुळे चिमूटभर उजेड जागोजागी अडखळून मागे फिरतो. तो किती वेळानं परतला यावरून किती लांबून परतला ते कळतं. वरून माणूस चालला की जमीन दबते, तिच्याबरोबर तार ताणली जाते. ती ताणते केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढीसुद्धा नाही, पण परतणाऱ्या उजेडाची लय तेवढ्यानंही बिघडते. थोडक्यात, तारेचा मीटर न् मीटर म्हणजे एकेक कान असतो.

घाटात दरड कोसळण्याआधी कळावं म्हणून हे कान लावले गेले आणि पहिला प्रयोग घाटाखालच्या आडेगावात झाला. दरडीची कुजबुज ऐकताना माणसांची पावलंही ऐकू यायची. तेव्हा ती कोणाची हे ओळखता येत नव्हतं. नोंदी नुसत्या साठवून ठेवल्या. पुढे 'चाहूल' नावाची प्रणाली आली. अंगाचं वजन, टाच टेकल्यावर चवडा टेकेपर्यंतचा वेळ, डाव्या-उजव्या पावलातला फरक, एवढ्यावरून ती माणूस वेगळा काढते आणि त्याला क्रमांक देते. क्रमांकाला नाव द्यायचं काम मात्र माणसाचं. कायदा कडक आहे: पोलिसांचं पत्र असेल तरच शोध घ्यायचा, आणि तोही फक्त हरवलेल्यांचा.

वृषालीनं बेंदराचा दिवस काढला. दुपारचे चार वाजले होते. सगळं गाव रंगवलेल्या शिंगांच्या बैलांमागे देवळाच्या माळावर लोटलेलं. तिथे तारेवर नुसता गोंधळ होता. खणीच्या वाटेवर, जिथे खडी-यंत्रासाठी कधीकाळी तार नेली होती, सामसूम. चार वाजून बारा मिनिटांनी सातपुत्यांच्या घरापासून पावलं निघाली. जड वहाणा, आणि प्रत्येक पावलाच्या शेपटीला एक बारीक थरथर.

ती थरथर बघून वृषालीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ती आबांच्या वहाणांची करकर होती.

तळाच्या दोन थरांमध्ये करकर यावी म्हणून आबा झाडाचं बी दाबून बसवायचे, मग वहाण कानाशी धरून वाकवायचे. मनासारखी करकरली नाही तर पुन्हा उसवायचे. "पायताण बोललं पायजे, बाळ," म्हणायचे. "माणूस यायच्या आधी त्याचं नाव आलं पायजे." ती लहान असताना संध्याकाळी उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची आणि तीन घरं पलीकडे करकर ऐकली की न बघता आईला सांगायची, आबा आले, भाकरी टाक. घरात पाऊल टाकायच्या आधी ते वहाणा काढायचे. घरातलं त्यांचं अनवाणी चालणं वेगळं होतं, शेणानं सारवलेल्या जमिनीवर डावं पाऊल किंचित रेंगाळणारं. भिजवलेल्या कातड्याचा वास, आरीची टोचणी, ओंजळीएवढ्या दिव्याखाली कातड्याच्या बंधांची वेणी घालणारी आई. त्या घरात काही फार नव्हतं, पण वृषालीला त्यानंतर कुठलंच घर आपलं वाटलं नाही.

पडद्यावरची पावलं खणीपाशी पोचली. आठ मिनिटं शांतता. यापुढे काही नसणार, हे तिला चौदा वर्षांपासून सांगितलं गेलं होतं.

तेवढ्यात पावलं परत फिरली. अनवाणी. पण डावं पाऊल रेंगाळत नव्हतं. ती वाट तुडवत आली, गल्लीत न शिरता घरामागच्या परड्यात गेली आणि थांबली.

ती खुर्चीतून उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. म्हणजे आबा बुडाले नव्हते. कोणीतरी त्यांच्या वहाणा घालून खणीवर गेलं होतं, त्या काठावर मांडून अनवाणी परत आलं होतं, आणि ते कोणीतरी घरातलंच होतं. 'चाहूल'नं त्याला क्रमांक तीन दिला होता. वृषालीनं त्या महिन्यातला तीन क्रमांक जिथे जिथे सापडला तिथे बघितला. रोज दुपारी, परड्यात, वीस पावलं पुढे आणि वीस पावलं मागे. प्रत्येक आठवड्याला वेगळ्या, नव्या वहाणा.

आता नाव द्यायला तिला यंत्र नको होतं. कोरी कापशी वहाण, म्हणजे जाड तळाची कोल्हापुरी, लाकडासारखी कडक असते. तशीच गिऱ्हाइकाला दिली तर पायाची सालटं निघतात. म्हणून सातपुत्यांच्या घरची रीत होती: नवी जोडी चार दिवस घरच्या माणसानं चालवायची, कुठे चावते ते बघायचं, तिथे तेल लावून ठोकायचं आणि मगच द्यायची. हे काम आबांच्या धाकट्या भावाचं. बळवंत, तिचे तात्या. काटकुळे, उंच. बाराव्या वर्षापासून ते लोकांच्या वहाणा चालवत आले होते.

आणि त्या महिन्यात दोघा भावांत बोलणं नव्हतं. तात्यांना तळ ठोकायचं यंत्र आणायचं होतं. आबा म्हणाले होते, यंत्र आलं त्या दिवशी मी या घरात नसेन. वृषालीला ते वाक्य आता वेगळंच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती आडेगावला गेली.

तात्या ओसरीवर बसून वेणीचे बंध कापत होते. सत्तरी गाठलेले, केस पांढरे. तिला बघून तोंडभर हसले. "आलीस व्हय? न कळवता? आगं शालनवैनी, पोरगी आली बघा!"

"आईला नंतर हाक मारा," वृषाली म्हणाली. "आधी मला सांगा. बेंदरादिवशी आबांच्या वहाणा घालून खणीवर कोण गेलं होतं?"

तात्यांच्या हातातली कात्री थांबली.

"मी ऐकलंय, तात्या. जाताना वहाणांत, येताना अनवाणी. परड्यात येऊन थांबलेली पावलं. रोज दुपारी नव्या वहाणा चालवणाऱ्याचीच. आबांना काय केलंत तुम्ही? यंत्रावरून भांडलात, आणि…" पुढचं तिला बोलवेना. ज्या माणसानं खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, त्याला खुनी म्हणायला जीभ उचलत नव्हती.

तात्यांनी कात्री खाली ठेवली. मग त्यांनी मांडी मोडली आणि उजवा पाय तिच्यासमोर लांब केला. तळव्यावर जुन्या भाजल्याचा मोठा डाग होता.

"ह्यो बघ. त्या साली शिमग्यात निखाऱ्यावर पाय पडला. पाय जळल्याचा वास आला तवा मला कळलं. साखरंचा आजार, बाळ. दोन वरसं आधीपासनं माझ्या पायाला कायबी लागत नव्हतं. ज्याच्या पायाला कळत न्हाई, त्यो वहाण कुठं चावतीया ते काय सांगणार?"

"मग तुम्ही वहाणा…"

"न्हाई चालवल्या. सोडलं हुतं. भाईर कुणाला सांगितलं न्हाई, गिऱ्हाईक तुटलं असतं. तू तर हास्टेलावर. तुला कुठनं कळणार?"

"मग कोण चालवत होतं?"

तात्यांनी मान खाली घातली.

"मी," दारातून आवाज आला.

शालन, तिची आई, पदराला हात पुसत उंबऱ्यात उभी होती. तीही उंच, हाडापेरानं मोठी. "चिंध्या कोंबून घालायची, आन् परड्यात चालायची. गिऱ्हाइकाच्या पायताणात बाईनं पाय घातला म्हणून कळलं असतं तर कुणी जोडी घेतली नसती. म्हणून परड्यात. तुझा बा चावल्याली जागा इचारायचा, मी सांगायची." ती खाली बसली. "त्यादिशी खणीवर मीच गेलती."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. चौदा वर्षं जिच्या हातची भाकरी खाऊन वृषाली शोधाला निघायची, तिच्याच पदरात सगळं बांधलेलं होतं.

"आबा कुठे आहेत?"

"ठावं न्हाई. देवाशपथ ठावं न्हाई." शालन सरळ बोलत होती, आवाज न चढवता. "मालन आठवती काय? अथणीची? वेण्या घालायला यायची ती?"

वृषालीला आठवत होती. हसरी बाई, तिच्यासाठी पदरात शेंगदाणे बांधून आणायची. मालन मावशी.

"तिच्यासंगं गेला. बेंदराच्या सकाळी मला म्हणाला, शालन, मला ऱ्हाववत न्हाई, मला जाऊ दे. लपूनछपून गेला न्हाई, एवढं त्याचं खरं. मी म्हणाले, जा. पण तुझ्या लेकीचं लगीन तोंडावर हाय. बा दुसरीसंगं पळाला म्हणल्यावर तिला कोण करून घेणार? आन् मी? मी टाकल्याली बाई म्हणून ह्या गल्लीत ऱ्हाऊ? त्यापक्षी तू मर. मेल्याल्याची रांडव बाई परवडली, लोक निदान पाणी तरी देत्यात. वहाणा काढून ठेव म्हणाले. मेल्याल्या माणसाला वहाणा लागत न्हाईत. आन् मेलास तर मेलाच ऱ्हा, परत यायचं न्हाई. त्यानं शब्द दिला आन् तसाच उघड्या पायानं गेला."

तात्या कुजबुजले, "वहाणा भावाच्याच हैत म्हणून पोलिसाला मी सांगितलं. झाकली मूठ ऱ्हाऊ दे म्हणलं."

"माझ्या लग्नासाठी?" वृषाली किंचाळलीच. "आई, प्रेत सापडलं नाही म्हणून मी लग्न केलं नाही! एक शब्द बोलली असतीस तर…"

"कितींदा जिभेवर आलं," शालन म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज फाटला. "पर तू बापाला देवागत धरून बसलीवतीस. तुझा बा मारला, ते एक झालं. तुझा देव कसा मारू?"

वृषाली त्या घरात पाणीसुद्धा न पिता निघाली. एस.टी.त बसल्यावर तिला भयंकर राग आला आणि रागाच्या तळाशी एक लाजिरवाणा आनंद होता: आबा कदाचित जिवंत आहेत.

केंद्रात पोचल्यावर तिनं बेंदराची सकाळ काढली. दहा चाळीसला अनवाणी पावलं घरातून निघाली होती, डावं किंचित रेंगाळणारं. क्रमांक एक. फाट्यावर थांबली, तिथे दुसरी, हलकी पावलं येऊन मिळाली. तिनं तो एक क्रमांक उचलला आणि पोलिसांच्या पत्राशिवाय राज्यभर पसरलेल्या आजच्या जाळ्यावर सोडला. नोकरी जावी एवढा हा गुन्हा होता. बूट, चप्पल घालणारा माणूस इतक्या वर्षांनी यंत्राला सापडणं कठीण. पण तिला वाटलं, आबांनी अनवाणी राहायचा तोही शब्द पाळला असेल.

चार तासांनी उत्तर आलं. जत, बाजारपेठेची मागची गल्ली. साम्य अठ्ठ्याहत्तर टक्के. चाल मंदावलेली. पादत्राण नाही.

जतला बाजारपेठेच्या मागे पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारा शाळकरी पोरांच्या तुटलेल्या चपला शिवत होता. दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. वृषाली त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं वर बघितलं नाही, तिच्या पायांकडे बघितलं, आणि सुई तशीच हातात राहिली.

"टाच भाईरनं झिजलीया," तो हळूच म्हणाला. "डावा पाय अजून आत टाकतीस."

"आबा."

"बस," रंगराव म्हणाले. पाण्याचा तांब्या त्यांनी पुढे केला. "कशी हैस? जावई काय करत्यात? पोरं किती?"

ती वाटेत शंभर गोष्टी ठरवून आली होती. त्या प्रश्नानं सगळ्या विसरली. "लग्न नाही केलं मी. तुम्हाला शोधत होते. खणीत, नदीत, दवाखान्यांत. जिथे बेवारस प्रेत सापडलं तिथे जाऊन बघून आले मी, आबा. एकोणीस प्रेतं बघितली."

रंगरावांनी तोंडावर हात धरला. "मी धरून चाललो हुतो, तुझं झालं असंल. नातवंडं असतील," ते म्हणाले. "त्यापायी तर मेलो हुतो गं."

मालन सहा वर्षांपूर्वी वारली, त्यांनी सांगितलं. तिच्या माणसांनी दोघांना अथणीला ठेवून घेतलं नव्हतं, म्हणून इकडे आले. मालनबरोबर सुख लागलं का, हे वृषालीनं विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दरवर्षी बेंदराला ते मातीचा बैल विकत घ्यायचे आणि कोणासाठी घेतला ते न कळून शेजारच्या पोराला देऊन टाकायचे, एवढं मात्र बोलले.

वृषालीला त्यांना मारावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. तिनं दोन्ही केलं नाही. "चला घरी," म्हणाली.

"तसं कसं? मेल्याला माणूस आपल्या पायानं गावात शिरला तर तुझ्या आईचं काय हुईल? चौदा वरसं कपाळ पुसून बसलीया ती. पोलीस तिला धरतील, गाव तोंडावर थुकंल. एकदा तिला सोडून आलो, पुन्यांदा तिची माती करू?" त्यांनी सुई पुन्हा उचलली. "तिनं मारलाय मला. तिनं जिता केला तर येईन. न्हाईतर तू आलीस, बघितलंस, झालं. मी मेल्यालाच बरा."

परतताना वृषालीनं हिशेब केला नाही, पण तारखा मोजल्या. उद्या तीस. उद्या संध्याकाळी नोंदी पुसल्या की खणीच्या वाटेवरची पावलंही जातील आणि आईला हात लावायला जगात पुरावा उरणार नाही. आणि ते खोटं तसंच राहिलं की आबाही कधीच परत येणार नाहीत.

तीस तारखेला सकाळी ती आईसमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. जत, पत्र्याचा आडोसा, अनवाणी पाय, शब्द. काहीही चोरलं नाही. "आई, पाच वाजेपर्यंत माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "पुसून टाकलं तर कोणाला काही कळणार नाही. तू म्हणशील तसं करते. मी तुला काही म्हणणार नाही."

"मालन गेली व्हय," शालन म्हणाली. मग तिनं विचारलं, "अजून उघड्या पायानंच हाय?"

"हो."

शालन उठली. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं, केस विंचरले. तात्या दारातच उभे होते. "वैनी, गुन्हा लागंल बघा," ते म्हणाले. "मलाबी लागंल. पर चला, मी येतो."

चौकीत मगदूम फौजदार होते. तेव्हा हवालदार असताना त्यांनीच पाणबुडे उतरवले होते. आता निवृत्तीला चार महिने उरलेले. त्यांनी शालनचं बोलणं ऐकलं आणि पंखा बंद करून तिला पुन्हा सांगायला लावलं.

"वहिनी," ते म्हणाले, "मिटलेला कागद कशाला उकरताय? खोटी खबर दिली म्हणून तुमच्यावर आणि बळवंतावर गुन्हा दाखल करावा लागेल मला. या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाल?"

"कागद मिटला न्हवता. मी मिटवला हुता. तुम्ही लिवा."

मगदुमांनी नाइलाजानं टॅबलेट पुढे ओढला. नाव, वय, गाव. मग एका रकान्यापाशी त्यांचं बोट थबकलं. तिथे आधीच भरलेलं होतं: विधवा. त्यांनी ते खोडलं. खाली यादी उघडली आणि 'परित्यक्ता' या शब्दापाशी ते घुटमळले. दाराबाहेर गावातली चार माणसं जमली होती. खिडकीतून सगळं ऐकू जात होतं.

"विवाहित टाकतो," मगदूम आवाज खाली आणून म्हणाले. "तेही खोटं नाही."

"आन् त्यो गेला कुठं असं इचारलं तर? पुन्यांदा गोष्ट रचू?" शालननं मान वर केली. तिचा आवाज खिडकीबाहेर जाईल एवढा स्वच्छ होता. "माझा नवरा मेल्याला न्हाई. मला टाकून गेलाय. मी टाकल्याली बाई हाय. तसंच लिवा, साहेब."

बाहेर कोणीतरी खाकरलं. मगदुमांनी लिहिलं. शालननं अंगठा नाही, सही केली, सावकाश, पूर्ण नाव आणि नवऱ्याचं नाव.

मग ती वृषालीकडे वळली. रडत नव्हती, पण थकली होती, चौदा वर्षांची थकली होती.

"त्याला निरोप दे," ती म्हणाली. "म्हणावं, तुला जिता केलाय. आता यायचं का न्हाई ते तुझं तू बघ."